पडद्यामागचे पाय

हेटी ऑग्डेनच्या नाकाच्या शेंड्यावर राग असायचा असं आमच्या गल्लीत सगळे म्हणत. मला ते कधी पटलं नाही. नाकावर तो मावलाच नसता. तिचा राग पायांत होता. चिडली की ती तोंडाने काही बोलायची नाही, दारासमोरच्या दगडी फरशीवर लाकडी तळाच्या बुटांनी असा काही ताल धरायची की चार घरं पलीकडची म्हातारी खिडकी उघडून विचारायची, "आज कोणी काय केलं गं पोरीला?"

मी नाथन हॅस्लम. फॉल रिव्हर गावच्या नाटकगृहात एकतीस वर्षं सुतार होतो. शाळा सहा यत्ता, पुढचं शिक्षण हातोड्याखाली. माझी नातवंडं म्हणतात, आजोबा एक गोष्ट सांगायला बसले की वाटेत दहा सांगतात. असेल. पण ही मी सरळ सांगणार आहे, कारण ही आठवली की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि आग लागलेला माणूस वळणं घेत नाही.

आमची गल्ली सगळी विणकरांची. बापजादे लँकेशायरच्या गिरण्या सोडून आले ते थेट इथल्या गिरण्यांत शिरले. मधे समुद्र लागला एवढाच फरक. साचेखात्यात नऊशे माग एकदम धडधडत असले की तिथे देव जरी बोलला तरी ऐकू यायचं नाही. म्हणून आमची माणसं ओठांनी बोलत. आवाज नाही, नुसते ओठ, मोठे मोठे हलवायचे, आणि समोरच्याने ते वाचायचे. पन्नास पावलांवरून आमच्या बाया सुनेची तक्रार, माशाचा भाव आणि मुकादमाच्या सात पिढ्यांचा उद्धार हे सगळं बिनआवाजात उरकत. चाळिशीपर्यंत कान जातच. पण त्याचं कोणाला फार वाटत नसे. कान काय, घरी भांडायलाच लागतात.

हेटीचा बाप एझ्रा विणकर होता आणि गावातला एक नंबरचा नाचणारा. लाकडी तळाचा बूट फळीवर वाजवून नाचायचं, तो आमचा नाच. तो निघालाच मागाच्या ठोक्यातून. बसल्या जागी पाय मागाशी बोलू लागतात, त्याला कोण काय करणार. एझ्राच्या वाट्याला एक जुना माग आला होता, तो लंगडा होता. प्रत्येक सातव्या ठोक्याला अडखळायचा, क्षणभर श्वास धरायचा आणि मग दोन ठोके एकदम टाकायचा. दुसऱ्या विणकरांनी मुकादमाकडे तक्रार करून तो माग बदलून घेतला असता. एझ्राने त्याच्यावर नाच बसवला आणि पोरीला शिकवला. तो वारला तेव्हा हेटी चौदा वर्षांची होती आणि त्याच मागावर उभी राहिली.

सतराव्या वर्षी ती एका फिरत्या संगीत नाटक कंपनीबरोबर गेली. आई थर्झा तीन दिवस कोणाशी बोलली नाही, मग चौथ्या दिवशी ओठांनी साऱ्या साचेखात्याला सांगितलं, "माझी हेटी नाटकात आहे." कंपनीत ती सगळ्यात मागच्या रांगेत होती. सहा वर्षं मागच्या रांगेत. कधी दासी, कधी फुलवाली, कधी नुसताच एक हात, कारण खांबाच्या मागे उभं केलं होतं. मधल्या काळात तिने त्या लंगड्या मागाच्या नाचावर काम केलं. बापाचा होता दीड मिनिटाचा. तिने चार मिनिटांचा केला. त्यात मागावर उभ्या बाईचे कंबरेचे हेलकावे घातले, मागातला धोटा इकडून तिकडे फेकल्यासारखे हात घातले, आणि शेवटी सगळे माग बंद पडतात तेव्हाची ती शांतता घातली. पायांनी शांतता नाचून दाखवायची म्हणजे काय, ते बघितल्याशिवाय कळायचं नाही.

एकोणीसशे सहा साली न्यूयॉर्कात पेनिमन नावाच्या मालकाने 'गिरणीची राणी' हे नवं संगीत नाटक काढलं. गोष्ट अशी की गिरणीतली एक गरीब पोर मालकाच्या मुलाशी लग्न करते. गिरणीतल्या गरीब पोरीचं काम मिस व्हायोला स्टँडिश करायच्या, रेशमी एप्रन घालून. रेशमी. आमच्या साचेखात्यात कोणी रेशमी एप्रन घालून आली असती तर दुपारपर्यंत मागाने तो गिळला असता, आतल्या बाईसकट. असो. दुसऱ्या अंकात पाच मिनिटं भरायची होती, म्हणून पेनिमनने हेटीला तिचा नाच करायला दिला. पहिल्याच प्रयोगाला लोक उभे राहिले. तीन वेळा परत नाचायला लावलं. तीन आठवडे असंच चाललं, आणि व्हायोलाबाईंच्या गाण्याला टाळ्या कमी पडू लागल्या.

चौथ्या आठवड्यात पेनिमनने हेटीला बोलावलं. हे सगळं तिने मला पुढे सांगितलं, जसंच्या तसं.

"मिस ऑग्डेन, नाच उत्तम आहे. तो आता मिस स्टँडिश करतील."

"त्यांना येतो?"

"तुम्ही शिकवाल."

"आणि मी?"

"तुम्ही मागच्या रांगेत होताच की. बाई, लोक चेहरा बघायला पैसे देतात. पायांना कोण ओळखतं?"

नाटकाच्या पत्रिकेत छापून आलं: 'लंगड्या मागाचा नाच, रचना आणि सादरीकरण मिस व्हायोला स्टँडिश.' आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. आणि नागोबाला फणासुद्धा काढता येईना. व्हायोलाबाई दिसायला देखण्या, हात सुंदर, मान सुंदर, पण पाय मुके. सातव्या ठोक्याला अडखळायचं, तर त्या आठव्याला अडखळायच्या आणि मग घाईघाईने गोळाबेरीज करायच्या. विंगेत उभं राहून आठ प्रयोग हेटीने ते ऐकलं. नवव्याला ती स्वतः पेनिमनकडे गेली.

मी एकदा तिला चिडून विचारलं होतं, "तू कबूल का झालीस?" ती म्हणाली, "तुझ्या बापाला कोणी रोज तुझ्यासमोर लंगडी घालायला लावली तर तू काय करशील?"

तर ठरलं असं. मागे रंगवलेला पडदा, त्यावर गिरणीची चित्रं. पडद्याच्या मागे मेपलच्या लाकडाची एक जाड फळी ठोकलेली. पुढे व्हायोलाबाई मऊ तळाचे बूट घालून आवाज न करता पाय हलवणार, आणि मागे अंधारात हेटी नाचणार. ठोके हिचे, टाळ्या तिला. त्यावर पेनिमनने हेटीकडून कागद लिहून घेतला: अजून तीन हंगाम हे काम सोडायचं नाही, आणि हा नाच कोणाचा याबद्दल कोणाशी एक शब्द बोलायचा नाही. बोललात तर देशातल्या कुठल्याच रंगमंचावर तुम्हाला कोणी उभं करणार नाही, हे मी बघीन, असंही तो म्हणाला. आणि तो ते बघू शकत होता. तेव्हा पाच-सहा माणसांच्या हातात सगळी नाटकगृहं होती आणि ती माणसं एकाच टेबलावर जेवत.

एक हंगाम गेला. दुसऱ्या हंगामात, एकोणीसशे सातच्या नोव्हेंबरमध्ये, कंपनी दौऱ्यावर आमच्या गावात आली. शनिवारी दुपारचा प्रयोग. शनिवारी दुपारी गिरण्या सुटतात, त्यामुळे गॅलरी सगळी विणकरांची, खाली गिरणीमालक आणि त्यांचे सोयरे.

सकाळी कंपनीच्या माणसाने मला नकाशा दिला. पडद्यामागे मेपलची फळी, चार कोपऱ्यांत दुहेरी खिळे. मी ठोकत होतो, एवढ्यात पुढ्यात दोन लाकडी बूट येऊन थांबले. वर बघितलं तर हेटी. सात वर्षांनी बघत होतो.

"घट्ट ठोक," ती म्हणाली. "ढिली फळी खोटं बोलते."

"ही कशाला इथे मागे? तू पुढे नाचणार ना? तुझ्या आईने अख्ख्या गल्लीला सांगितलंय. उकडलेल्या वाटाण्यांचं पातेलं घेऊन बसलीय, प्रयोग झाला की सगळ्यांना वाढणार आहे."

तेव्हा तिने मला सगळं सांगितलं, फळीवर बसून, खाली बघत. मी हातोडा धरून तसाच. 

"मग आज आईला काय सांगणार?"

"सांगायची परवानगी नाही, नाथन. दीड हंगाम उरलाय. तेवढा काढला की मी आणि माझा नाच मोकळे. आज तोंड उघडलं तर सात वर्षं पाण्यात."

"म्हणजे आई गॅलरीत बसून दुसरीला बघणार."

"खिळे ठोक," ती म्हणाली.

मी ठोकले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण ठोकले. चारही कोपऱ्यांत, दुहेरी.

आता आमच्या गावाची एक रीत सांगायला हवी. लाकडी बुटांचा नाच असला की परीक्षक रंगमंचाच्या खाली बसतात. वर बसलेला परीक्षक गुडघे बघतो, गाल बघतो, आणि मग त्याला सगळेच ठोके गोड लागतात, म्हणून आमच्या आज्यांनी ही सोय केली होती. तिघं म्हातारे स्टुलं घेऊन फळ्यांखाली जातात, कंदील एक, खडू प्रत्येकी एक. कान गेलेलेच असतात, म्हणून तळहात वर तुळईला लावून बसतात. ठोका हातात येतो. चुकला की खडूची रेघ. आणि नाचणाऱ्याचे पाय ज्या फळीवर पडतात तिच्या खालच्या अंगावर फुली. नाच संपला की तिघं वर येतात, सगळ्यात वडील माणूस नाचणाऱ्याला हात धरून पुढे आणतो आणि सर्वांसमोर विचारतो, "नाच कोणाचा?" नाचणाऱ्याने आपलं नाव आणि शिकवणाऱ्याचं नाव सांगायचं. स्पर्धा नसली, एकटीच नाचली, तरी ही रीत. परगावची कंपनी असली तरीही. गावाचा हक्क आहे तो.

दुपारी बाराला आमोसकाका ग्रिनवूड, वय वर्षं एकाहत्तर, दोन सोबती आणि तीन स्टुलं घेऊन मागच्या दारात हजर. पेनिमन तिथेच सिगार ओढत होता.

"हे कोण?" त्याने मला विचारलं.

"परीक्षक, साहेब. नाच आहे म्हणून खाली बसायला आलेत."

"खाली म्हणजे?"

"रंगमंचाखाली."

"तिथून काय दिसणार?"

"दिसत काहीच नाही."

"मग ऐकणार?"

"ऐकूही येत नाही, साहेब. तिघंही बहिरे आहेत."

पेनिमनला हसू आवरेना. सिगार पडली. "बहिरे परीक्षक, तळघरात. वा. अहो, वर्तमानपत्रवाल्यांना सांगा कोणीतरी. बसा काका, बसा, पाहिजे तर झोपा." आमोसकाकाला त्याचा एकही शब्द ऐकू आला नव्हता, पण ओठ त्याने वाचले होते. टोपीला हात लावून तो खाली उतरला. पेनिमनने शहाणपणाने वागून त्यांना हाकललं असतं, तर गावात दोन दिवस बडबड झाली असती आणि विषय संपला असता. पण जे दिसत नाही आणि ऐकू येत नाही ते कळतही नाही, असं त्याला वाटलं. चेहऱ्याचा धंदा करणाऱ्याला असंच वाटणार.

हेटीला कळलं तशी ती धावत माझ्याकडे आली. "त्यांना वर काढ."

"मी कोण काढणारा?"

"आमोसकाका तुळईला हात लावेल आणि त्याला कळेल. बाबांच्या शेजारच्या मागावर वीस वर्षं होता तो."

"कळू दे की."

"तुझं काय जातंय?" ती म्हणाली. बरोबरच होतं. माझं काही जात नव्हतं.

दुसरा अंक सुरू झाला. मी विंगेत दोरापाशी, पडदे वर-खाली करणं माझं काम. पुढे उजेडात व्हायोलाबाई आल्या, रेशमी एप्रन, गालाला लाली. मागे अंधारात हेटी फळीवर चढली, तपकिरी स्कर्ट, बाह्या कोपरापर्यंत. आणि ठोका सुरू झाला.

मी काय सांगू. माग चालू झाला हो. सातव्या ठोक्याला अडखळला, श्वास धरला, आणि गॅलरीतल्या तीनशे माणसांनी त्याच्याबरोबर श्वास धरला. मला तिथून हेटीची पाठ दिसत होती. घामाने काळी झालेली. पुढे ती दुसरी हसत होती, मान वेळावत होती.

खालचे लोक टाळ्यांवर टाळ्या देत होते. गॅलरी मात्र गप्प झाली. विणकर पाय ओळखतो. पुढच्या बाईचे पाय आणि कानात, अंगात शिरणारा ठोका यांचं काही जुळत नव्हतं. पहिल्या रांगेत थर्झाबाई कठड्यावर ओणवी झाली होती. तिने विंगेत मला शोधून काढलं आणि ओठ हलवले: "हेटी कुठे आहे?"

मी तोंड फिरवलं. आयुष्यात मी बऱ्याच ठिकाणी तोंड फिरवलंय, पण त्या एका वेळचं मला अजून मानेत दुखतं.

नाच संपला. व्हायोलाबाई तीनदा वाकल्या. तेवढ्यात रंगमंचाच्या फळ्यांतली झडप उघडली आणि आमोसकाका वर आला, मागून दुसरे दोघं, तिघांचे हात खडूने पांढरे. खालच्या लोकांना गंमत वाटली, ते हसले. व्हायोलाबाईंना कोणीतरी रीत सांगितली असावी. त्यांनी झोकात हात पुढे केला. आमोसकाकाने तो धरला, खाली वाकून त्यांचा मऊ बूट बघितला, आणि दारात आडवी आलेली खुर्ची सरकवावी तसं त्यांना हलकेच बाजूला केलं. मग तो पुढच्या कडेपासून फळ्या मोजत मागे चालू लागला. खाली फुली होती एकोणिसाव्या फळीवर. पंधराव्याला पडदा आला. आमोसकाका थांबला, माझ्याकडे वळला आणि ओठांनी म्हणाला, "उचल."

दुसऱ्या विंगेतून पेनिमन दबक्या आवाजात म्हणाला, "हॅस्लम, त्या दोराला हात लावलास तर या धंद्यात पुन्हा हातोडा धरणार नाहीस."

मी दोर ओढला. शूर होतो म्हणून नाही. मघाशी फिरवलेलं तोंड आता कुठे फिरवायचं ते कळेना, म्हणून.

पडदा वर गेला आणि त्याच्यामागे हेटी उभी. फळीवर, धापा टाकत, केस कपाळाला चिकटलेले. आमोसकाका तिच्यापाशी गेला, हात धरून तिला उजेडात आणलं आणि गॅलरीला दिसेल असं तोंड करून रीतीप्रमाणे ओठांनी विचारलं, "नाच कोणाचा?"

"मिस ऑग्डेन," पेनिमन म्हणाला, आता सगळ्यांना ऐकू जाईल असं, "करार लक्षात आहे ना? एक शब्द नाही."

हेटीने त्याच्याकडे बघितलं. मग गॅलरीकडे बघितलं. आणि एक शब्द न काढता बोलायला लागली.

खालच्या लोकांना दिसलं ते एवढंच, की एक घामेजलेली बाई उभी राहून तोंड हलवते आहे. पेनिमनला वाटलं तिला रडू येतंय. पण गॅलरीत तीनशे माणसं कठड्यावर वाकून वाचत होती, आणि मीही. ती म्हणाली:

"नाच माझा. सातवा ठोका माझ्या बापाचा, बाकीचे माझे. दीड वर्ष मला या चिंधीमागे कोंडलंय आणि त्या सिगारवाल्या बोकडाने माझं नाव पुसून तिथे या बाईचं घातलंय. ही पाय हलवते, मी नाचते. ही पाणी पिते आणि तहान माझी भागते असं म्हणतात हे लोक. आणि खालचे, ते बघा, हातमोजे घालून टाळ्या देतायत. त्यांनी आपल्या गिरण्या चालवल्या तशाच टाळ्या दिल्या, काम कोणी केलं ते न बघता. आणि तुम्हीसुद्धा. तुम्हाला कळलं होतं. पहिल्या मिनिटाला कळलं होतं, आणि गप्प बसलात, तिकीट काढलं होतं म्हणून. आई, तू नाही. तू विचारलंस, मी बघितलं पडद्याच्या भोकातून." मग तिने पेनिमनबद्दल आणखी जे म्हटलं ते आमच्या साचेखात्यात बायका खास दिवसांसाठी राखून ठेवत, मी लिहिणार नाही, माझ्या नातीही वाचतील. शेवटी ती सरळ उभी राहिली. "हेटी ऑग्डेन. शिकवलं एझ्रा ऑग्डेनने."

टाळी एकही पडली नाही. गॅलरी पायांनी उत्तर देते. तीनशे जोड लाकडी बूट एकदम जमिनीवर आदळले, सहा ठोके, सातव्याला श्वास, मग दोन. पुन्हा. पुन्हा. छताच्या गिलाव्याचे पापुद्रे खालच्या मंडळींच्या टोप्यांवर पडू लागले. गिरणीमालक वर बघत राहिले. त्यांनी आपल्या माणसांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

पेनिमन माझा दंड धरून विचारत होता, "काय म्हणाली ती? सांग, काय म्हणाली?"

"काही नाही, साहेब," मी म्हटलं. "एक शब्द नाही."

त्याने रागाच्या भरात हेटीला आणि मलाही जागच्या जागी काढून टाकलं. मी गावच्या नाटकगृहाचा, त्याचा नोकर नव्हतोच; पण हेटीला काढलं तिथे तो चुकला. तिने करार मोडला असता तर तो कोर्टात गेला असता; मोडला त्यानेच. हे त्याला सोमवारी वकिलाने समजावलं. बुधवारपर्यंत बोस्टनच्या वर्तमानपत्रांत 'पडद्यामागची पोर' छापून आली आणि लोक तिकीटखिडकीवर विचारू लागले, ती पोर कुठे आहे. शुक्रवारी पेनिमन स्वतः आमच्या गल्लीत आला, थर्झाबाईच्या स्वयंपाकघरात उभा राहिला, कारण कोणी बस म्हटलं नाही.

"मिस ऑग्डेन, पत्रिकेत तुमचं नाव घालू. खाली. 'साहाय्य, मिस ऑग्डेन'."

"कोणी कोणाला साहाय्य केलं?"

"बाई, हे फक्त शब्द असतात."

"फक्त शब्द आहेत तर वर घाला. आणि त्यांचं खाली."

थर्झाबाईने ओठांनी काहीतरी म्हटलं. पेनिमनने विचारलं, काय म्हणतायत? हेटी म्हणाली, "दार ढकललं की उघडतं, म्हणतेय."

त्यानंतर न्यूयॉर्कने तिला दार उघडलं नाही. पेनिमनने आपला शब्द खरा केला, मोठं नाटकगृह तिला एकही मिळालं नाही. अकरा वर्षं ती छोट्या कंपन्यांबरोबर मेनपासून कनेटिकटपर्यंत नाचत फिरली. गावजत्रेच्या मंडपात, फायरब्रिगेडच्या सभागृहात, एकदा तर सफरचंदांच्या गोदामात, जिथे नाचताना अर्धं पीक खाली आलं. पत्रिका एका पानाच्या, नाव पहिल्या ओळीत. करारात तिची एकच अट असायची: मागे पडदा नको. उघडी विटांची भिंत चालेल. एका मालकाने हट्टाने बागेचा पडदा टांगला, तर तिने तो उतरवून त्याच्याच अंगावर पांघरला आणि मग नाचली. आणि तिकडे न्यूयॉर्कात 'मिस स्टँडिशचा सुप्रसिद्ध नाच' असं आणखी चार हंगाम छापत होते, पडद्यामागे दुसरीच कोणी पोर उभी करून. मला लोक म्हणतात, जाऊ द्या हो, झालं गेलं. मी म्हणतो, तुमचं काय गेलं?

तिला मी दोनदा लग्नाचं विचारलं. पहिल्यांदा म्हणाली, "तू खिळे ठोकलेस." दुसऱ्यांदा म्हणाली, "दुहेरी ठोकलेस." मग मी सुसानाशी लग्न केलं. तिने खिळ्यांची चौकशी केली नाही.

गुडघा गेल्यावर, एकोणीसशे एकोणीसमध्ये, हेटी गावी परतली आणि पोर्तुगीज बेकरीच्या वरच्या खोलीत दर गुरुवारी गिरणीतल्या पोरींना शिकवू लागली. एका गुरुवारी दार दुरुस्त करायला मी तिथे होतो, तेव्हा जिन्यात मिस व्हायोला स्टँडिश उभ्या. लाली तीच, पण तिच्याखाली वय आलेलं. पेनिमनने नवा चेहरा आणला होता आणि ह्यांना मागच्या रांगेत घातलं होतं. पोरी माझ्याकडे बघायला लागल्या, मी हेटीकडे.

"मला तो नाच शिकायचाय," व्हायोलाबाई म्हणाल्या. "खरा."

मला वाटलं आता जिना वाजणार. हेटीने बुटाची टाच फळीवर टेकवली.

"पंचवीस सेंट तासाला," ती म्हणाली. "गिरणीच्या पोरींना दहा आहे, तुम्हाला पंचवीस. मागच्या रांगेत उभ्या राहा. बूट लाकडाचे आणा. आणि आल्यावर आधी मोठ्याने सांगायचं, नाच कोणाचा."

"हेटी ऑग्डेनचा," व्हायोलाबाई म्हणाल्या, जिन्यातूनच.

"आत या. दार लावा, थंडी येते."

तीन गुरुवार त्या आल्या. हेटीने त्यांना तीन तास फक्त सातव्या ठोक्याआधी थांबायला लावलं, आणि असं झापलं की बेकरीवाला खालून काठीने छत ठोकायचा. "घाई कसली? कुठे जायचंय तुम्हाला? श्वास धरा, बाई, कोणी चोरून नेत नाही." चौथ्या गुरुवारी त्या आल्या नाहीत. पाचव्याही नाही. फिलाडेल्फियाला कुठल्याशा नाटकात आईचं काम मिळालं होतं असं कळलं.

मी म्हटलं, "बरं झालं, ब्याद गेली. तिला शिकवायची गरजच काय होती?"

हेटी माझ्यावर इतकी भडकली की त्या पडद्याच्या दिवशीसुद्धा एवढी भडकली नसेल. "तुला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "तिचा डावा पाय आत्ता कुठे बोलायला लागला होता."